चिऱ्याच्या घरात २५ हर्ट्झचा हॉर्न सबवूफर : आकार, लाकूड आणि छप्पर

सागरतीर, वेंगुर्ले

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ आमचे जांभ्या चिऱ्याचे जुने घर आहे. ओटीलगतच्या ज्या खोलीत पूर्वी भाताच्या कणग्या असत, ती खोली बाबांनी मला होम थिएटरसाठी दिली आहे. खोली १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. १० फुटांवर फळ्यांचा माळा आहे आणि त्याच्यावर मंगलोरी कौले. पडद्याच्या डावीकडचा कोपरा पूर्ण मोकळा आहे, तिथे दारही नाही आणि खिडकीही नाही.

सध्या माझ्याकडे १० इंची ड्रायव्हरचा (पेटीतला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) तयार सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, आहे. संवाद चालू असताना तो ठीक वाटतो, पण चित्रपटात वादळ किंवा स्फोट आला की त्याचा कोन (पुढचा कागदी शंकू) दिसेल इतका आतबाहेर हलतो आणि आवाज फाटतो. गणेशोत्सवात मंडपाशेजारी लावलेल्या मोठ्या हॉर्नच्या पेट्या ऐकल्यापासून तशा रचनेची ओढ लागली आहे. मात्र त्या पेट्या उघड्या मैदानासाठी असतात आणि ४० हर्ट्झच्या खाली त्यांचा जोर ओसरतो. मला घरात २५ हर्ट्झपर्यंत पोहोचायचे आहे. त्यासाठी १५ इंची, भक्कम चुंबकाचा आणि ०.३ क्यूटीएसचा (कोनाची हालचाल किती आवरलेली आहे ते सांगणारा आकडा) एक ड्रायव्हर घेऊन ठेवला आहे.

हॉर्नचे मुख, म्हणजे ड्रायव्हरपासून रुंदावत जाणाऱ्या त्याच्या नळीचे बाहेरचे तोंड, किती मोठे असावे, आणि आपल्या पावसाळ्यात टिकेल असे कोणते लाकूड वापरावे, हे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न अनुभवातून आला आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) पेटी करून आणली होती; पहिल्याच श्रावणात तिचा तळ फुगला आणि कडा पापुद्र्यांसारख्या सुटल्या.

कोपरा (उत्तर देणारे सदस्य)

सागरतीर, तुमच्याकडे मोकळा कोपरा आहे, ही या कामातली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे, म्हणून हिशेब तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धरला, तर २५ हर्ट्झची तरंगलांबी १३.९ मीटर होते. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा असतो, म्हणजे तुम्ही त्याच्याही खाली जाऊ पाहत आहात. हॉर्न मोकळ्या अवकाशात टांगला, तर त्याच्या मुखाचा परीघ एका तरंगलांबीएवढा लागतो आणि क्षेत्रफळ १५ चौरस मीटरच्या पुढे जाते. जमिनीवर ठेवला की ते निम्मे होते, भिंतीला लावला की त्याचेही निम्मे, आणि जमीन व दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात बसवला की आठवा हिस्सा पुरतो, म्हणजे सुमारे १.९ चौरस मीटर. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत कोपऱ्यात बसणारा जो प्रसिद्ध हॉर्न केला, त्यामागे हाच विचार होता: खोलीच्या भिंतीच हॉर्नचा पुढचा भाग होतात.

आता लांबी. घसा, म्हणजे ड्रायव्हरकडचे अरुंद टोक, ५०० चौरस सेंटिमीटरचा धरला आणि घातांकी विस्तार (ठराविक अंतराला क्षेत्रफळ ठराविक पटीने वाढेल असा) ठेवला, तर १.९ चौरस मीटरपर्यंत पोहोचायला साधारण ४ मीटर लांबी लागते आणि आतल्या हवेचे आकारमान २ घनमीटर भरते. ड्रायव्हरमागची बंद कोठडी, नळी दुमडण्यासाठीचे पडदे (आतल्या आडव्या-उभ्या फळ्या) आणि फळ्यांची जाडी धरली, की ही वस्तू घरातल्या दोन-तीन लोखंडी कपाटांएवढी होते. तुमच्या खोलीत ती मावेल, पण एकदा उभी केली की दारातून बाहेर निघणार नाही. तेव्हा ती कोपऱ्यातच बांधून काढायची, हे आधी ठरवा.

एवढी जागा द्यायची नसेल, तर टॅप्ड हॉर्नचा विचार करा. टॉम डॅन्ली यांच्यामुळे ही रचना प्रचलित झाली. तिच्यात ड्रायव्हरची एक बाजू घशाजवळ आणि दुसरी मुखाजवळ, अशा दोन्ही बाजू त्याच हॉर्नमध्ये उघडतात, त्यामुळे मागची बंद कोठडी लागत नाही. २५ हर्ट्झसाठी मार्ग साडेतीन मीटरच्या आसपास राहतो आणि पेटी साधारण ४०० ते ६०० लिटरमध्ये बसते. त्याबदल्यात तिचा उपयोगी पट्टा अरुंद असतो आणि वरच्या बाजूला शिखरे येतात, म्हणून ८० हर्ट्झच्या आसपास तिचा वरचा आवाज कापावा लागतो. होम थिएटरमध्ये तसेही तिथेच कापतो, तेव्हा ही मोठी अडचण नाही.

घशाबाबत एक सावधगिरी. १५ इंची कोनाचे क्षेत्रफळ सुमारे ८५० चौरस सेंटिमीटर असते. घसा त्याच्या निम्म्याहून लहान करू नका. पातळ कागदी कोनावर तिथे फार दाब येतो. डेव्हिड मॅकबीन यांचे हॉर्नरेस्प हे हॉर्नचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते. लाकडाला करवत लावण्यापूर्वी तुमच्या ड्रायव्हरचे आकडे त्यात घालून आलेख आणि कोनाची हालचाल, दोन्ही तपासा.

रंधा, मालवण

माझे काम होड्यांचे आणि लाकडाचे, म्हणून फक्त दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

एमडीएफ आपल्याकडे नकोच. आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला, १८ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय घ्या. आठ बाय चारचे एक पान ३५ किलोच्या घरात जाते; तेव्हा उचलायला माणसे आणि ठेवायला सपाट जागा आधी पाहा. पाने भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की वाक धरतात, आणि वाकलेला पडदा हॉर्नमध्ये घट्ट बसत नाही. कापण्यापूर्वी निदान पंधरा दिवस पाने त्याच खोलीत आडवी ठेवा, म्हणजे तिथल्या दमटपणाशी ती जुळतील. काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आत संपवा. आषाढात लावलेला रंग आणि सरस दोन्ही मनासारखे सुकत नाहीत.

प्लायची खरी दुखरी जागा म्हणजे कापलेली कड. तिच्यातून पाणी थरांमध्ये शिरते. होडीच्या कामात आम्ही प्रत्येक कडेला पातळ केलेल्या इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) दोन हात देतो: पहिला हात कड पिऊन टाकते, दुसरा वर राहतो. तुम्हीही तसेच करा, आणि जी कड नंतर दिसणार नाही तिला आधी करा, कारण पेटी मिटली की तिथे हात पोहोचत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खाऱ्या वाऱ्यात साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून फुगतो आणि लाकडाला भेग पाडतो.

गावातली जुनी माणसे वाळवीसाठी काजूच्या टरफलाचे तेल लावायला सांगतील. होडीच्या बुडाला ते मीही लावले आहे आणि त्याचा गुण मला मान्य आहे, पण सांध्यांना इपॉक्सी लावण्याआधी ते मुळीच लावू नका; तेलकट पृष्ठभागावर सांधा धरत नाही. शिवाय ते कातडीवर पडले तर फोड येतात. वाळवीसाठी पेटी जमिनीपासून दीड-दोन इंच उचलून दगडी ठोकळ्यांवर ठेवा आणि चिऱ्याच्या भिंतीपासून बोटभर अंतर राखा. पावसात चिरा पाणी ओढतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आणखी एक. हॉर्नचे मुख म्हणजे कुंभारमाशीला, उंदराला आणि प्रसंगी जनावरालाही आयती बिळाची जागा. मुखावर स्टेनलेसची जाळी ताणून बसवा आणि तिच्या कडेखाली रबराची पट्टी द्या, म्हणजे जाळी स्वतः वाजणार नाही.

निवांत, रत्नागिरी

माझे मत थोडे वेगळे आहे. जांभ्याची जाड भिंत खालचा ध्वनी चांगला अडवते, पण फळ्यांचा माळा आणि कौले त्याला सरळ वर जाऊ देतात. सिमेंटच्या बंद खोलीत सर्वांत खालच्या स्वरांना खोलीकडूनच जी वाढ मिळते, ती कौलारू घरात फारशी मिळत नाही. त्यामुळे हॉर्न करण्याआधी माळ्याच्या फळ्यांवर जाड प्लायचे दोन थर टाकून फटी बंद कराव्यात, असे मी सुचवीन.

माझ्या घरी मी दोन बंद पेट्यांचे सबवूफर लावून साइन स्वर (एकाच कंप्रतेचा शुद्ध स्वर) हळूहळू वर नेला, तेव्हा ३४ हर्ट्झला माजघरातले तांब्याचे घंगाळ गुणगुणू लागले आणि ३९ च्या सुमारास कौलांची एक ओळ खडखडली. घंगाळ हलवले. कौलांसाठी गवंड्याला बोलावून पन्हाळाजवळची ओळ पुन्हा बसवून घ्यावी लागली. ही तपासणी तुमच्या आताच्या छोट्या सबवूफरनेही करता येईल, आणि ती आधीच करावी.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आपल्या वाड्यांत रात्री इतकी शांतता असते की खालचा स्वर चार घरे पलीकडे पोहोचतो. माझ्या पेट्यांना वीज जास्त लागते, पण जागा कमी लागते आणि त्या हलवता येतात.

सागरतीर, वेंगुर्ले

सर्वांचे मनापासून आभार. निवांत, आपल्या सूचनेप्रमाणे काल रात्री आईला स्वयंपाकघरात उभे करून स्वर वर नेला. ३२ हर्ट्झच्या आसपास खोलीतला आवाज एकदम मोठा झाला आणि माळ्याची एक फळी थरथरली. हात ठेवताच ती शांत झाली. माळ्याचे काम आधी करणार हे ठरले. बंद पेट्यांचा पर्यायही मी तोलून पाहिला, पण कोन जवळजवळ न हलता एवढा आवाज देतो हे हॉर्नचे वैशिष्ट्य मला हवे आहे, आणि कोपरा रिकामाच आहे. २ घनमीटरचा मात्र धीर होत नाही. टॅप्ड हॉर्न करतो. बांधून झाल्यावर पहिल्या दिवशी काय काळजी घ्यावी?

कोपरा

तुमच्या खोलीच्या १८ फुटांचा पहिला अनुनाद ३२ हर्ट्झलाच येतो, तेव्हा तो मोठा झालेला आवाज खोलीचा आहे. बैठक खोलीच्या अगदी मागच्या भिंतीला लावू नका, तिथे तो सर्वांत जास्त ऐकू येईल.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक कंप्रतेच्या खालचा आवाज अडवणारी गाळणी. हॉर्नच्या मर्यादेच्या वर हवेचा भार कोनाला आवरून धरतो. मर्यादेच्या खाली तो भार नाहीसा होतो आणि कोन मोकाट हलतो. चित्रपटांच्या एलएफई पट्ट्यात (फक्त खालच्या स्वरांसाठीच्या ध्वनिपट्ट्यात) २० हर्ट्झच्या खालचा मजकूरही असतो. मी एकदा फिल्टर न लावता फक्त पाच मिनिटे ऐकायचे म्हणून अँप्लिफायर चालू केला. एका स्फोटाला टक्‌ असा कोरडा आवाज आला आणि व्हॉइस कॉइल (कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे) मागच्या पत्र्यावर आपटून वाकली. त्या ड्रायव्हरचा कोन अजून माझ्या टेबलावर आहे. तुम्ही २२ हर्ट्झला, अष्टकाला (कंप्रता निम्मी होताना) २४ डेसिबल उताराचा फिल्टर लावल्याशिवाय तारा जोडू नका.

त्यानंतर सांधे. मंद आवाजात ३० हर्ट्झचा स्वर चालू ठेवा, पंखा बंद करा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून व ड्रायव्हर काढण्याच्या झाकणाभोवती सावकाश फिरवा. धूर सरळ चढत असेल तर सांधा घट्ट आहे. एखाद्या जागी तो थरथरला किंवा तुटक झाला, तर तिथून हवा निसटते आहे. झाकणाखाली बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा आणि त्याचे स्क्रू चार-चार इंचांवर ठेवा.

शेवटी रिसीव्हरमध्ये भरायचे बैठकीपासून सबवूफरचे अंतर. ध्वनीला हॉर्नच्या आतून साडेतीन मीटर यावे लागते, म्हणजे तो सुमारे १० मिलिसेकंद उशिरा निघतो. मोजपट्टीने जे अंतर येईल त्यात हे साडेतीन मीटर मिळवून आकडा भरा, आणि मग ८० हर्ट्झचा स्वर लावून एक-एक फूट कमी-जास्त करून पाहा; बैठकीच्या जागी पुढचे स्पीकर आणि सबवूफर मिळून जिथे आवाज सर्वांत भरीव वाटेल, तो आकडा कायम ठेवा. प्लाय आणल्यावर घशाजवळच्या पडद्यांची मापे इथे टाका, करवत लावण्यापूर्वी मी ती तपासून देईन.