चानी पाठ फिरवते: 'ड्यून'च्या दुसऱ्या चित्रपटाने कादंबरीचा घात केला की हर्बर्टचे राहिलेले काम पुरे केले?

खडीसाखर

'ड्यून : भाग दोन'वर परवा या चर्चामंचावर आलेले एक टिपण वाचून मी दोन दिवस गप्प बसण्याचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. टिपणकर्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दिग्दर्शक देनी व्हिलनवने पॉल या नायकाची प्रेयसी चानी हिला आजच्या फॅशनची बंडखोर नायिका करून फ्रँक हर्बर्टच्या कादंबरीचा कणा मोडला, आणि ज्यांना हा शेवट आवडला त्यांनी पुस्तक केवळ कपाटाच्या शोभेसाठी घेतले असावे. शेवटच्या वाक्याने मला डिवचले हे कबूल करते. माझी प्रत रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतली आहे आणि मागच्या शब्दकोशात एक बोट अडकवून वाचल्यामुळे तिचे शेवटचे वीस कागद सुटून आले आहेत.

आता मुद्दा. 1965 च्या कादंबरीत वाळवंटी ग्रहावरच्या लोकांचा तारणहार ठरलेला पॉल सम्राटाला नमवतो, राजकन्या इरुलानशी नावापुरते लग्न ठरवतो आणि चानी ते मुकाट्याने पत्करते. शेवटचे बोलणे पॉलच्या आईच्या, जेसिकाच्या, वाट्याला येते : आपल्याला रखेल म्हणोत, इतिहास पत्नीच म्हणेल. हर्बर्टला सांगायचे होते की तारणहारापासून सावध राहा, परंतु असंख्य वाचकांनी पॉलला डोक्यावर घेतले आणि 1969 मध्ये त्याला 'ड्यून मसीहा' लिहून तीच गोष्ट उघड शब्दांत सांगावी लागली. ज्या जॉन कॅम्पबेलने पहिली कादंबरी 'अ‍ॅनालॉग'मध्ये क्रमशः छापली होती, त्यानेच दुसरी नाकारली आणि ती 'गॅलक्सी'त आली. इतक्या मुरलेल्या संपादकाला जे रुचले नाही, ते चित्रपट एका चेहऱ्यावर दाखवतो. सगळे गुडघे टेकतात, एकटी चानी उभी राहते आणि निघून जाते. जे सांगायला लेखकाला दुसरे पुस्तक लागले ते दिग्दर्शकाने पहिल्या पुस्तकावरच्या चित्रपटातच सांगितले, याला घात म्हणणे मला पटत नाही.

तर्कट_जोशीबुवा

ते टिपण माझेच होते, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. कपाटाच्या शोभेबद्दलचे वाक्य मागे घेतो. बाकीचे एक अक्षरही मागे घेणार नाही.

कादंबरीतली चानी मुकाट्याने पत्करते, असे आपण लिहिता तेव्हा ती कोण आहे हे आपण विसरता. ती ग्रहशास्त्रज्ञ लिएट-काइन्सची मुलगी आहे. अराकिस या त्या वाळवंटी ग्रहावर कधीतरी उघडे पाणी वाहावे म्हणून ज्या बापलेकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची योजना आखली आणि फ्रेमेन या तिथल्या सगळ्या वाळवंटवासी लोकांना थेंबाथेंबाने पाणी साठवायला लावले, त्यांच्या घरातली ती आहे. तिला स्वतःचे राजकारण आहे आणि ते पॉलच्या जन्माच्या आधीपासूनचे आहे. चित्रपटात काइन्सला स्त्री केले, त्याला माझी हरकत नाही, पण चानीशी असलेले तिचे नाते कोठेही आले नाही. मग चानीजवळ उरले काय? 'माझा भविष्यवाणीवर विश्वास नाही', एवढेच. ती बंडखोर झाली खरी, पण मूळची वारसदार होती. हा सौदा तोट्याचा आहे.

आणि काळाचे काय? पुस्तकात पॉल वाळवंटात दोन वर्षांहून अधिक राहतो, त्याला मुलगा होतो आणि तो मारला जातो. चित्रपटात जेसिकाचे नऊ महिने भरण्याच्या आत महायुद्ध जिंकून होते. पॉलची बहीण आलिया पोटातूनच बोलते, त्यामुळे चिमुरडी नात विषारी सुईने आजोबांना, म्हणजे खलनायक बॅरन हार्कोनेनला, मारते हा प्रसंगच गेला आणि ते काम पॉलकडे आले. पॉलच्या वडिलांचा सल्लागार थूफिर हवात दुसऱ्या भागात नाही, सम्राटाचा मित्र काउंट फेनरिंग नाही, त्याची बायको मात्र आहे. 166 मिनिटांत हे बसत नव्हते, असे कृपया सांगू नका, कारण वाळूकडे नुसते बघत राहण्यासाठी वेळ भरपूर होता.

मध्यंतर_हटाव

वाळूकडे बघायला वेळ होता, असे ज्यांना वाटते त्यांच्या चित्रपटगृहाचा पत्ता मला हवा आहे. आमच्या येथे पॉल पहिल्यांदा वाळूतल्या अजस्र किड्यावर स्वार होत असताना, वाळूची भिंत कोसळत असताना, पडद्यावर 'मध्यंतर' झळकले, दिवे लागले आणि मागच्या रांगेतले गृहस्थ चीज पॉपकॉर्न की कॅरॅमल यावर मोठ्याने विचारविनिमय करू लागले. ज्या चित्रपटात दिग्दर्शकाने मध्यंतर ठेवलेलेच नाही, त्यात प्रोजेक्टर चालवणारा जेथे कात्री लावेल तेथे आपली समीक्षा सुरू होते. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हे कोणीतरी बोलायलाच हवे होते.

दुष्काळी_पाहुणा

जोशीबुवांनी पाण्याचा विषय काढला म्हणून लिहितो. चानी उभी राहिली की बसली, याने मला फारसा फरक पडत नाही. माझी तक्रार अशी आहे की व्हिलनवचे चित्रपट वाळूचे आहेत आणि हर्बर्टची कादंबरी पाण्याची आहे.

अराकिसच्या राजधानीतल्या, अराकीनच्या, वाड्यातली मेजवानी आठवा, जी पहिल्या चित्रपटातून पूर्ण गाळली आहे. दारात घंगाळी ठेवलेली असतात. प्रत्येक पाहुण्याने त्यात हात बुडवायचे, दोनचार पेले पाणी जमिनीवर सांडायचे आणि हात पुसून टॉवेल त्याच थारोळ्यात फेकायचा, अशी तिथली रीत. नंतर ते टॉवेल पिळायचे आणि ते पाणी बाहेरच्या भिकाऱ्यांना मिळायचे. पॉलचा बाप ड्यूक लेटो ही रीत बंद करतो आणि दारात येणाऱ्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. एका पानात हर्बर्टने त्या ग्रहाची सगळी वर्गव्यवस्था दाखवली आहे.

हे पुस्तक मी 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला वाचले. पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144 लागू होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर होते. त्या दिवसांत घरी कोणी आले की आई 'पाणी आणू का' हे विचारण्याआधी क्षणभर थांबायची. ती विचारायची नेहमीच, पण तो क्षण मला दिसायचा. पाहुण्यालाही दिसत असावा, कारण बहुतेक जण 'आत्ताच पिऊन आलो' म्हणायचे. पॉलच्या हातून द्वंद्वात मेलेल्या जेमिस या फ्रेमेनच्या देहातले 33 लिटर आणि वरचे काही ड्राम पाणी मोजून पॉलच्या नावावर होते, तो प्रसंग मी त्या घरात बसून वाचला. हे मला पडद्यावर कोठेच दिसले नाही. दिसले ते सुंदर छायाचित्रण.

निळ्या_डोळ्यांचा

दुष्काळी_पाहुणा यांच्या अनुभवाचा आदर आहे, पण लातूरचे दुःख चित्रपटाच्या गळ्यात बांधणे अन्यायाचे आहे. आपण पहिला भाग नीट पाहिलेला दिसत नाही. वाड्याबाहेरच्या खजुरांना पाणी घालणारा माळी पॉलला सांगतो की एक झाड रोज पाच माणसांचे पाणी पिते, म्हणजे वीस झाडे शंभर जीव, आणि हल्ल्याच्या रात्री तीच झाडे पेटलेली दिसतात. फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार ड्यूकच्या टेबलावर थुंकतो आणि ती शरीरातल्या ओलाव्याची भेट आहे हे समजेपर्यंत सगळ्यांचे हात शस्त्रांकडे जातात. दुसऱ्या भागात मृतांचे पाणी साठवलेला तो तलाव आहे. यापेक्षा आणखी किती पाणी हवे? टँकर लावायचे होते का?

दुष्काळी_पाहुणा

टँकरचा विनोद आपण केलात, तर हिशेबही करू. त्या तलावात 3 कोटी 80 लाख डेकालिटर, म्हणजे 38 कोटी लिटर पाणी आहे. 10 हजार लिटरच्या टँकरने मोजले तर 38 हजार खेपा होतात. एवढे पाणी जवळ असलेली माणसे तहानेने मरतील पण त्याला तोंड लावणार नाहीत, हे चित्रपट एका संवादात उरकतो. त्यांना तसे का वागावेसे वाटते, याचे उत्तर काइन्सच्या योजनेत आहे, आणि ती योजनाच चित्रपटात जेमतेम उरली आहे. ज्याच्या घरी नळ चोवीस तास चालतो त्याला तलाव म्हणजे निळा प्रकाश वाटतो. मला ते बचत खाते वाटते.

निळ्या_डोळ्यांचा

माझ्या घरी नळ किती तास चालतो हे आपणास ठाऊक नाही. मी माणच्या गावात वाढलो आहे आणि शाळेच्या आधी दोन खेपा हंडे वाहिले आहेत, म्हणून दुष्काळाची मक्तेदारी कृपया कोणी सांगू नये. मला तो तलाव पाहून आमच्या गावातली आटलेली विहीर आठवली आणि मी रडलो. आता माझे रडणे खरे की आपले वाचन खरे, याचा निवाडा कोण करणार?

बखरवाचक

दोन्ही दुष्काळग्रस्तांनी क्षणभर थांबावे, कारण माझेही एक जुने दुखणे आहे. आपल्याला ही कादंबरी इंग्रजी वाचकापेक्षा जवळची वाटायला हवी. स्टिलगार हा 'नायब' आहे. हा शब्द वाचून अमेरिकन माणूस शब्दकोश उघडतो आणि आपल्याला तहसील कचेरी आठवते. सम्राटाच्या बिरुदातला 'पादिशाह' आपल्या बखरींत 'पातशहा' म्हणून पानोपानी बसलेला आहे. आणि ज्या 'जिहाद' शब्दाच्या भीतीने पुस्तकातला पॉल पहिल्यापासून पछाडलेला आहे, तो चित्रपटात 'पवित्र युद्ध' असा सोवळा होऊन येतो. कारण समजते, परंतु पटत नाही. शब्द पुसला की लेखकाने कोणाच्या इतिहासातून उसनवारी केली हेही पुसले जाते. चानीपेक्षा मला हा बदल अधिक गंभीर वाटतो.

स्टिलगारचे काय केले, हेही कोणी लिहिले नाही. पॉलच्या प्रत्येक हालचालीवर 'लिसान अल-गैब', म्हणजे भाकितातला तारणहार, म्हणून डोळे विस्फारणारा विनोदी माणूस त्याला करून टाकला.

खडीसाखर

धागा चानीचा होता, हे नम्रपणे आठवण करून देते. पण बखरवाचक, स्टिलगारबाबत आपण चुकता आहात आणि तो मुद्दा चानीचाच आहे. पुस्तकात पॉलला जाणवते की एक मित्र गेला आणि त्याच्या जागी भक्त आला. ते एक वाक्य आहे, आणि पहिल्या वाचनात मी त्यावरून सरळ पुढे गेले होते. चित्रपटात आम्ही सगळे स्टिलगारला हसलो. तिसऱ्यांदा हसलो, चौथ्यांदा हसलो आणि शेवटी तोच माणूस ओरडून फौजेला जहाजांवर चढवतो तेव्हा चित्रपटगृहात कोणी हसत नव्हते. हसणारेच अडकावेत म्हणून तो विनोद होता. पॉल गुप्तपणे बदलत जातो हे सांगायला पुस्तकाजवळ त्याच्या मनातले विचार होते. 1984 मध्ये डेव्हिड लिंचने आपल्या 'ड्यून' चित्रपटात तेच विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले आणि त्याचा काय परिणाम झाला हे सर्वांना माहीत आहे. शेवटी पॉलने पाऊस पाडला आणि इशारा देणाऱ्या कथेचा चमत्कार झाला! व्हिलनवने मनातला आवाज काढून तो दोन माणसांत वाटला : भक्ती स्टिलगारकडे आणि शंका चानीकडे.

चानी काइन्सची मुलगी असल्याचा मुद्दा मात्र मला बोचला. त्याला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही.

तर्कट_जोशीबुवा

बाईंनी एक मुद्दा सोडला म्हणून मीही एक सोडतो : लिंचच्या पावसापेक्षा हा शेवट शंभर पटींनी बरा आहे. पण आपले सगळे प्रमेय 'ती निघून जाते' यावर उभे आहे आणि ती जाते कोठे ते पाहू. पॉल त्याच चित्रपटात शांतपणे सांगतो की ती समजून घेईल, मी ते पाहिले आहे. जाहीर झालेला तिसरा चित्रपट 'मसीहा'वर आहे आणि त्या पुस्तकात चानी पॉलच्याच घरात आहे, त्याच्याच मुलांसाठी झुरते आणि जुळ्यांना जन्म देताना मरते. आता दिग्दर्शकाने तिला परत आणले तर हे बंड रुसवा ठरेल, आणि न आणले तर 'मसीहा' उरणार नाही. एका टाळीच्या दृश्यासाठी पुढचे अख्खे पुस्तक गहाण ठेवले आहे.

मध्यंतर_हटाव

चानी मरते हे सांगण्यापूर्वी रहस्यभेदाची सूचना द्यायला काय झाले होते?

तर्कट_जोशीबुवा

पुस्तक 1969 चे आहे, साहेब.

निळ्या_डोळ्यांचा

एक दुरुस्ती. ती निघून 'जात' नाही. शेवटच्या दृश्यात ती वाळूत उभी राहून किड्याला बोलावते, त्यावर चढण्याचे हुक हातात घेऊन थांबते आणि चित्रपट तिच्या चेहऱ्यावर संपतो. ती स्वार झालेली आपल्याला दिसत नाही. त्यामुळे गहाण वगैरे काही नाही, ती अजून वाट पाहते आहे.

दुष्काळी_पाहुणा, काल रात्री मेजवानीचे प्रकरण पुन्हा वाचले. टॉवेलचा तो परिच्छेद माझ्या स्मरणातून पूर्ण गेला होता. तो चित्रपटात हवा होता, हे मान्य करतो. तलावाबद्दल मात्र माझे मत तेच आहे.

दुष्काळी_पाहुणा

पोचले. मीही पहिला भाग पुन्हा लावला होता आणि खजुरांच्या दृश्यापाशी आई येऊन बसली. तिने माळ्याचे बोलणे मला मराठीत सांगायला लावले आणि विचारले, "मग झाडं तोडली का नाही?" माळी पॉलला म्हणतो की ती पवित्र आहेत, ते मी तिला सांगितले. तिला ते पटलेले दिसले नाही.