बोरमाळ ‘सांडली’ की ‘हरवली’?

शुक्रवार पेठ
एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय आणि दोन शब्दांपाशी अडलोय. लेख आपल्या हातून गेलेल्या जिवाभावाच्या वस्तूंवर आहे. त्यात ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ पानापानावर येतं. ‘भावनिक मूल्य’ लिहून बघितलं, पण कोल्हापुरात आमच्या घरात असं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. सरकारी कागद वाचल्यागत वाटतं.

दुसरा शब्द त्याहून साधा. नमुना म्हणून घरचं एक वाक्य लिहिलं: ‘आजीची बोरमाळ रंकाळ्यावर सांडली.’ पुण्याच्या मावसबहिणीनं ‘सांडली’ खोडून ‘हरवली’ केलं. म्हणाली, सांडतं ते दूध. आजी मात्र शेवटपर्यंत ‘सांडली’च म्हणायची. तुमच्याकडं काय म्हणतात?

हुपरीची लेक
सांडली. आमच्याकडं पैसे सांडतात, किल्ली सांडते, कानातला डूल सांडतो. अंगावरून किंवा हातातून पडलं आणि पडताना कळलं नाही, ते सांडलं. घरातच कुठंतरी ठेवून विसरलो तर ते सांडलं नव्हे. आई म्हणायची, “सांडलं न्हाई, हितंच असंल, घावंल.” एवढा फरक ‘हरवली’त कुठं आहे?

मावसबहीण, पुणे
दादा, इथं आलेच आहे तर माझी बाजू सांगते. ‘बोरमाळ सांडली’ वाचल्यावर मला दोरा तुटून मणी विखुरल्याचं चित्र दिसलं. आजीची बोरमाळ अख्खी गेली होती, हे मला घरामुळं माहीत आहे. नागपूरच्या वाचकाला कसं कळावं? आजीचा शब्द चुकीचा आहे असं मी म्हटलेलं नाही.

जुनी पोथी
दूध हा त्या क्रियापदाचा एकुलता मालक नाही. पसायदान आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलंय, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. दुष्टांचा वाकडेपणा सुटो, गळून पडो. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकणे, सोडून देणे. दुधाचा अर्थ त्यातलाच एक कोपरा, प्रमाण भाषेत तेवढाच वापरात उरला. कोल्हापूरकडं जास्त शिल्लक आहे इतकंच.

सरळ मराठी
पहिल्या प्रश्नाकडं कुणी बघेना म्हणून लिहितो. ‘भावमूल्य’ वापरा. सुटसुटीत आहे. नाहीतर लोक ‘ऐवज’ सुचवतील आणि तो आपला शब्द नाही.

राजारामपुरी
‘ऐवज’ मीच सुचवणार होतो, पण नेमका अर्थापाशी अडतो. मूळ अरबी, फारसीतून मराठीत आला आणि मुळात अर्थ बदला, मोबदला. ‘त्याच्याऐवजी हे’ म्हणतो त्यातला ‘ऐवजी’ त्याच घरातला. म्हणजे ऐवज ही भरपाई होऊ शकणारी वस्तू. चोरीच्या बातमीत म्हणूनच तो शोभतो, ‘दोन लाखांचा ऐवज लंपास’. आजीच्या बोरमाळेऐवजी गुजरीतल्या सराफाकडून तेवढ्याच तोळ्याची दुसरी आणली तर ऐवज भरून आला. आजीला तिची बोरमाळ मिळाली का?

आपला-परका वादाबद्दल मात्र ठाम असहमत. ‘चीजवस्तू’ बघा. चीज फारसी, वस्तू संस्कृत, अर्थ दोन्हींचा एकच, आणि आपल्या आज्यांनी दोन्ही एकत्र बांधून कपाटात ठेवलेत. आता त्यातलं निम्मं बाहेर काढायचं का?

सरळ मराठी
आहे ते काढा असं मी म्हणत नाही. नवा शब्द घडवताना आपली माती वापरा एवढंच. पुढं इथल्याच, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक झालेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला. ज्यानं ते शब्द एकेक करून वेचले, तोच पुढं भाषाशुद्धीच्या बाजूनं उभा राहिला. माहिती नसल्यामुळं शुद्धी सुचते असं कुणी समजू नये.

राजारामपुरी
मान्य. पण ‘भावमूल्य’ त्या मातीतलं वाटत नाही. ते इंग्रजीवरून मोजून कापलेलं आहे.

शिवणयंत्र
मी पस्तीस वर्षं ब्लाउज शिवते, मला एक शब्द सुचतो. माया. ब्लाउज शिवताना आम्ही आत बोटभर कापड जादा ठेवतो, त्याला माया म्हणतात. बाई अंगानं भरली की उसवून तेवढं वाढवता येतं. बाहेरून दिसत नाही. जमवलेल्या पैशालाही माया म्हणतात आणि आईच्या प्रेमालाही. आईची जुनी चोळी घेऊन गिऱ्हाइकं येतात, “उसवा पण माया कापू नका” म्हणतात. मूल्य वगैरे आम्ही कधी म्हणत नाही. ‘तिच्यात लई माया हाय’ म्हणतो.

जुनी पोथी
हे सुंदर आहे, ताई. फक्त वाक्यात ‘माया असलेली वस्तू’ केलं की ‘माया कुणाची’ हे सांगावं लागेल. मला तरी ‘जीव अडकलाय’ जवळचं वाटतं.

हुपरीची लेक
जीव अडकतो तो जवळ असलेल्या वस्तूत. गेलेल्या वस्तूची सय येते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शुक्रवार पेठ
सगळ्यांचे आभार. पण खरं कारण मी वर लिहिलं नाही. बोरमाळ हे सोपं उदाहरण होतं म्हणून घेतलं. मला अडवलं ते वाकळेनं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. जामदार क्लबपाशी पाणी आलं की आमच्या गल्लीत आवराआवर सुरू होते, तशी आम्ही केली. फ्रीज, कागदपत्रं, धान्य माळ्यावर चढवलं. आजीनं शिवलेली वाकळ खालच्या ट्रंकेत राहिली. पाणी उतरल्यावर काढली तर गाळानं इतकी जड झालेली की दोघांनी धरावी लागली. धुतली, दोन दिवस दोरीवर घातली. वास जाईना. तिसऱ्या दिवशी कचऱ्याची ट्रॉली गल्लीत आली तेव्हा मी ती उचलून आत टाकली.

आई तेव्हा नातेवाइकांकडं होती. परत आल्यावर तिनं विचारलं. मी म्हटलं, “गेली पुरात.”

आता भाषांतरात ‘लॉस्ट’ आलं की माझा हात थांबतो. ती हरवली नव्हती. सांडलीही नव्हती. ‘गेली’ म्हणालो, कारण त्या क्रियापदात टाकणारा माणूस दिसत नाही.

मावसबहीण, पुणे
दादा, त्यात आजीच्या लाल इरकलीचा तुकडा होता. माझ्या आईची झबलीही होती. इतक्या वर्षांत तू बोलला नाहीस.

तुझं वाक्य मी परत ‘सांडली’ करते. पण ‘हरवली’लाही तेवढंच लपवता येतं बरं का. ‘माझी अंगठी हरवली’ म्हटलं की कुणी हरवली ते सांगावंच लागत नाही. ‘माझ्या हातून’ हे आपण मुद्दाम जोडलं तरच येतं.

जुनी पोथी
शुक्रवार पेठ, लिहू की नको असं झालं, पण चर्चा शब्दाची आहे म्हणून लिहितो. जुन्या अर्थानं बघितलं तर वाकळ तुम्ही ‘सांडली’च. टाकून देणे, सोडणे. आजीच्या क्रियापदात दोन्ही बसतं, नकळत पडलेलंही आणि हातानं सोडलेलंही.

हुपरीची लेक
नाही पटत. पसायदानात सांडायचा आहे तो वाकडेपणा. नको असलेली गोष्ट सांडली तर मन हलकं होतं. वाकळ नको कुठं होती? आणि आज हुपरीत ‘मी वाकळ सांडली’ म्हटलं तर वाटेत पडली असंच लोक समजतील. सातशे वर्षांपूर्वीचा अर्थ आजच्या माणसाच्या गळ्यात घालू नका.

आजरा
मध्येच विचारतो. वाकळ आणि गोधडी एकच का? आमच्याकडं गोधडी शब्द पाहुण्यांकडून ऐकला. वाकळ ‘वल्कल’वरून आली असावी असं मला फार दिवस वाटतंय. झाडाची साल तशी थरावर थर.

राजारामपुरी
आवाज जुळतो, अर्थही ओढून जुळवता येतो. पण वल्कल नेसायचं, वाकळ अंथरायची-पांघरायची. पुरावा असेल तर द्या.

शिवणयंत्र
आमच्याकडं एकच. गोधडी पुस्तकातली, वाकळ घरातली. शिवताना मात्र चारी बाजूंनी कडेनं आत आत जायचं, मधे येऊन टाका संपतो.

शुक्रवार पेठ
आजी तशीच शिवायची, कडेकडनं आत. काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. ट्रॉलीचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माळ्यावरचा बिस्किटाचा जुना डबा काढायला लावला. त्यात आजीची वाकळेची सुई निघाली, नाकात अजून पांढरा दोरा ओवलेला. आई त्या दोऱ्याच्या टाक्याला आजीचा एक शब्द सांगत होती, तो तिलाही आठवेना. साधा धावदोरा नव्हे, त्याहून लांब, मधे एक उलटा. शिवणयंत्र ताई, तुमच्याकडं त्याला काय म्हणतात?