स्तनांचे सिलिकॉन इम्प्लांट: दहा वर्षं झाली की बदलायचेच का?

प्रश्न (रत्नागिरी): बहिणीचे इम्प्लांट 2014 चे आहेत. त्रास काहीच नाही. तरी बदलून घ्यावेत का?

चिपळूणहून: ताई, दहा वर्षांची सक्ती नाही, पण ते जन्मभर पुरतील असंही नाही. सलाईनचं (मिठाच्या पाण्याने भरलेलं) इम्प्लांट फुटलं की एक-दोन दिवसांत स्तन बसतो. सिलिकॉनचं जेल मात्र इम्प्लांटभोवती शरीर जो व्रणाचा पडदा तयार करतं त्यात तसंच राहतं, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून 5-6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर 2-3 वर्षांनी. बहिणीची झाली नसेल तर आधी ती करा. फूट बघायला एमआरआयमध्ये डायचं इंजेक्शन लागत नाही.

कणकवलीहून: फूट दिसली, किंवा पडदा आवळून स्तन कडक, वाकडा, दुखरा झाला, तर बदला. नुसत्या तारखेवरून ऑपरेशन नको.

मालवणहून: इम्प्लांटचं कार्ड शोधा, त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो. अ‍ॅलर्गन कंपनीचे खडबडीत पृष्ठभागाचे ‘बायोसेल’ इम्प्लांट जुलै 2019 मध्ये जगभरातून परत मागवले. त्रास नसेल तर तेही काढायला सांगत नाहीत. पण एक बाजू अचानक सुजली तर थांबू नका! सुईने पाणी काढून ते सीडी30 तपासणीला (कॅन्सरपेशींची खूण शोधणारी) पाठवायला सांगा. क्वचित ती सूज म्हणजे लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) असतो; त्याच्याच धोक्यामुळे बायोसेल परत मागवले.