मदत हवी आहे: बाबांना देवीची लस शोधणाऱ्या जेनरचं बर्कली दाखवायचं आहे, एका दिवसात काय काय जमेल?

नमस्कार मंडळी,

बाबा मे महिन्यात आमच्याकडे ब्रिस्टलला येत आहेत. सत्तरच्या दशकात ते बीड जिल्ह्यात व्हॅक्सिनेटर होते. गावोगावी त्यांना देवी डॉक्टरच म्हणायचे. सायकलवरून तांडे-वस्त्या गाठायच्या, दोन टोकांची सुई लसीत बुडवून दंडावर टोचायची, आणि बाजाराच्या दिवशी देवी आलेल्या बाळाचा फोटो असलेलं कार्ड दाखवत "असं कुणाच्या घरी आहे का?" विचारत फिरायचं. पोरं कणगीमागे लपवून ठेवणाऱ्या आयांची समजूत काढण्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं, त्याचा त्यांना आजही फार अभिमान आहे.

इथे काय काय बघायचंय असं फोनवर विचारलं, तर म्हणाले, "जेनरचं गाव तुमच्यापासून लांब आहे का?" बाकी काही नाही.

गाव लांब नाही. बर्कली हे ब्रिस्टल आणि ग्लॉस्टर यांच्या मध्ये, ए-३८ रस्त्यावरून थोडं आत आहे. एडवर्ड जेनरचा जन्म इथलाच, १७४९ चा. १४ मे १७९६ ला त्याने माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, गोस्तन देवीचा (गाईंना होणाऱ्या सौम्य देवीचा) पू टोचला तोही इथेच. त्याचं घर, द चँट्री, आता संग्रहालय आहे. बागेत झाडाच्या सालीची आणि ओबडधोबड लाकडाची एक झोपडी आहे, तिथे तो गरिबांना फुकट लस टोचायचा. तिला त्याने 'टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया' असं नाव दिलं होतं. बाबांना ती झोपडी बघायचीच आहे.

घरच्या बाकीच्यांना मात्र किल्ला हवा आहे. बाराव्या शतकातला, आजही त्याच बर्कली घराण्याकडे असलेला, आणि दुसऱ्या एडवर्ड राजाला १३२७ मध्ये कोंडून ठेवलं तो. म्हणून विचारायचंय:

बाबांचा एक गुडघा खूप दुखतो, जिने फार चढवत नाहीत. किल्ला आणि चँट्री दोन्ही एका दिवसात झेपेल का? जेनरची कबर चर्चच्या आत आहे की आवारात? ज्या गाईच्या गोस्तन देवीपासून जेनरची ती पहिली लस आली, त्या ब्लॉसमचं कातडं या संग्रहालयातच आहे का? बाबा त्याबद्दल दोनदा विचारून झालेत. आणि जमलं तर १४ मेलाच जावं असं मनात आहे.

कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद, सेव्हर्नकाठ:

ताई, नक्की न्या. अंतराची काळजी नको. किल्ला, सेंट मेरी चर्च आणि चँट्री एकमेकांना लागूनच आहेत. पण क्रम माझ्या मते असा ठेवा: सकाळी ताजेतवाने असताना चँट्री, मग चर्च, आणि किल्ला शेवटी. किल्ल्यात दगडी जिने आणि उंचसखल फरशी आहे. बाबा थकले तर त्यांना बाहेर बसवून बाकीचे आत जाऊन येतील. उलट केलंत तर ज्यासाठी ते एवढ्या लांबून येताहेत तेच घाईत उरकावं लागेल.

कबर चर्चच्या आत, वेदीपाशी आहे. जेनरचे वडील याच चर्चचे पाद्री होते, त्यामुळे घराण्याची कबर तिथेच. चर्चचा घंटेचा मनोरा इमारतीपासून सुटा, आवारात वेगळा उभा आहे. जेम्स फिप्सही याच आवारात पुरला आहे. जेनरने त्याला राहायला दिलेलं छोटं घर चर्च लेनमध्येच आहे, ते चुकवू नका. मला स्वतःला किल्ल्यापेक्षा ते घर जास्त मोलाचं वाटतं. डिकी पिअर्स या विदूषकाचं थडगंही बघा, त्याच्यावरचा मृत्युलेख जोनाथन स्विफ्टचा मानतात.

किल्ल्यात दुसऱ्या एडवर्डची कोठडी दाखवतात, आणि इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, १६४५ च्या वेढ्यात पडलेलं भिंतीतलं खिंडार आजही दिसतं.

कातडं बर्कलीत नाही, लंडनला सिटी सेंट जॉर्जेस विद्यापीठात (पूर्वीचं सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यापीठ) आहे. आणि किल्ला व चँट्री आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसतात. १४ मेचा हट्ट धरण्याआधी दोघांच्याही वेळा बघा, आणि चँट्रीत फोन करून जिन्यांचं विचारून ठेवा.

प्रतिसाद, रानपाखरू:

बाबांना हेही सांगा: जेनरच्या प्रयोगानंतर अवघ्या सहा वर्षांत ही लस आपल्या मुंबईत पोचली होती. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, भारतातली ती पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, असं करत ती देशभर गेली. त्यांनी बीडमध्ये जे केलं ते याच साखळीतलं.

लंडनला जाणार असाल तर केन्सिंग्टन गार्डन्समध्ये जेनरचा पुतळा आहे. आधी तो ट्रॅफल्गार चौकात होता, १८६२ मध्ये तिथून हलवला. बर्कलीहून परतताना वेळ उरला तर जवळच स्लिमब्रिजची पाणथळ आहे, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. जेनर कोकिळेच्या पिल्लांवर संशोधन करून रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेचा सदस्य झाला होता, तेव्हा पक्षी बघणंही त्याच्याच वाटेवरचं!

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ॲनाची गोष्ट बाबांना आत्ताच फोनवर सांगितली, तारीख त्यांनी वहीत लिहून घेतली. चँट्री आधी, हे पक्कं केलं. घरच्यांनाही पटलंय. १४ मेला काही बंद असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊ.

एकच राहिलं: बाबांनी त्यांची जुनी दोन टोकांची सुई आणि ते फोटोचं कार्ड जपून ठेवलंय. संग्रहालयाला अशा वस्तू दाखवायच्या किंवा द्यायच्या असतील तर आधी ईमेल करावा की तिथेच जाऊन विचारावं? कुणी कधी असं काही दिलं असेल तर कळवा.