हॅरियर जागेवरून उडतं, मग बाकीच्यांना एवढा रनवे कशाला?

खिडकीवाला
प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच. परवा विमानात पंखाच्या मागची सीट मिळाली, टेकऑफला मोबाइलवर वेळ लावली तर चाकं सुटेपर्यंत ३८ सेकंद गेले, आणि गंमत म्हणजे पंखाचं टोक त्याच्या आधीच वर वाकायला लागलं होतं. नंतर हॅरियर या लढाऊ विमानाचा व्हिडिओ बघितला, तो गडी जागेवरून सरळ वर! १९६० पासून हे जमतंय तर प्रवासी विमानं अजून का धावत सुटतात? आणि जुन्या फोटोंत विमानाला रॉकेटं बांधलेली दिसतात तो काय प्रकार?

कॉम्प्रेसर
अरे पंख वाकला यातच तुझं उत्तर आहे. चाकं जमिनीवर असतानाच वजन चाकांवरून पंखांवर जायला लागलं होतं. बोइंग ७४७-४०० पूर्ण भरलं की साधारण ३९५ टन, आणि चारही इंजिनांचा जोर मिळून ११० टनांच्या आसपास. म्हणजे वजनाच्या तिसरा हिस्साही नाही. इंजिनांनी फक्त पुढे ढकलायचं, उचलायचं काम पंख करतात, आणि त्यासाठी पंखांवरून हवा जोरात जायला पाहिजे म्हणून ती धावाधाव. सरळ वर न्यायचं तर तसली चौदा-पंधरा इंजिनं टांगावी लागतील आणि एकदा वर गेल्यावर त्यातली दहा नुसतं ओझं.

नॉझलबहाद्दर
+१. हॅरियरचं पण लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. पेगासस हे एकच इंजिन, त्याला चार फिरणारी नॉझल (झोत बाहेर पडायची तोंडं), पुढच्या दोनमधून फॅनची थंड हवा, मागच्या दोनमधून गरम झोत. कॉकपिटमध्ये थ्रॉटलच्या (इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्याच्या) शेजारी नॉझलचा वेगळा लिव्हर, म्हणजे एकाच हाताने दोन्ही सांभाळायचे. हवेत एका जागी थांबलं की रडर (शेपटीवरचं दिशा वळवायचं पान) वगैरे सगळं निकामी, कारण त्यावरून हवाच जात नाही, म्हणून इंजिनातली दाबाची हवा पाइपने नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांकडे नेऊन तिथल्या भोकांतून फुसफुस सोडतात आणि तोल सांभाळतात. त्यात आपलाच गरम धूर इंजिनात शिरला की जोर घटतो. जास्तीचा जोर हवा असेल तर इंजिनात पाणी मारतात, सव्वादोनशे किलो पाणी दीड मिनिटात खलास.

आणि वजन बघ. एव्ही-८बी (हॅरियरचाच अमेरिकन अवतार) सरळ वर जाताना साधारण ९.४ टन, थोडं धावून गेलं तर १४ टन. हा फरक म्हणजे इंधन आणि बॉम्ब. त्यामुळे रोजच्या कामात थोडं धावून उडायचं, काही जहाजांवर पुढच्या टोकाला वर वळलेला चढ दिलेला असतो तिथून, आणि परत येताना हलकं झालं की मग सरळ खाली. एफ-३५बी हे नवं लढाऊ विमान पण तेच करतं, फक्त त्यात कॉकपिटच्या मागे आडवा पंखा बसवलाय, तो मुख्य इंजिनच शाफ्टने फिरवतं.

धुराडं
रॉकेटांचं मी सांगतो, आवडता विषय :) त्याला जेटो म्हणतात. नावात जेट आहे पण आत घन इंधनाचं रॉकेट, त्या काळी अमेरिकेत 'रॉकेट' म्हटलं की लोक हसायचे म्हणून जेट म्हणून खपवलं. एका नळकांड्याचा जोर साधारण ४५० किलो, तोही जेमतेम १५ सेकंद. सुरुवातीच्या जेट इंजिनांना कमी वेगात दमच नव्हता, त्यामुळे भरलेलं बी-४७ बॉम्बर अशी ३० च्या वर नळकांडी लावून उठायचं, मागे नुसता धूर.

याच्या पुढचा वेडेपणा म्हणजे 'झेल' (ZEL, झिरो-लेंग्थ लाँच, म्हणजे न धावताच उड्डाण). लढाईत धावपट्टी आधी उडवतात ना, म्हणून पट्टीच नको! १९५८ मध्ये एफ-१०० हे लढाऊ विमान ट्रेलरवर तिरकं ठेवून खाली एक मोठं रॉकेट पेटवलं, चार सेकंदांत विमान उडण्याच्या वेगाला. पहिली चाचणी मस्त झाली, दुसऱ्या वेळी जळून संपलेलं रॉकेट सुटेचना, शेवटी पायलटला विमान सोडून उडी मारावी लागली.

खिडकीवाला
भारी!! पण थांबा, पट्टी उडवलेली असेल तर तो पायलट परत येऊन उतरणार कुठे?

धुराडं
बरोबर पकडलंस, तिथेच घोडं अडलं. एफ-१०० च्या आधी एफ-८४ वर यावर पण डोकं चालवलं होतं, हवा भरलेल्या प्रचंड रबरी गादीवर चाकं न काढता पोटावर उतरवायचं. विमान थांबलं, पण पायलटच्या पाठीचे हाल झाले.

खिडकीवाला
३८ सेकंद परवडले मग.