अनुभव धागा: सुटलेल्या पिल्लाला खेळवायचं कसं? सोलापूरकरांनो, सांगा

घरात दहा महिन्यांची लॅब्राडोर आहे. साखळी काढली की तिला ब्रेकच नाही. दुखापत होऊ नये म्हणून तुम्ही काय पाळता? पुस्तकातलं नको, केलेलं सांगा.

विजापूर रोड : आधी ऊन, बाकी सगळं नंतर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ला टेकतो. कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं, आणि चेंडू दिसला की दमलं तरी थांबत नाही. थांबवायचं आपण. आमचा खेळ उन्हाळ्यात पहाटे, नाहीतर दिवेलागणीनंतर. तेव्हाही डांबर तापलेलं असतं, म्हणून हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघतो. आपल्याला सोसवेना तर त्याचे पंजेही भाजणार. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लडखडती दिसली की सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरकडं पळा. बरं वाटायची वाट बघत बसू नका.

अक्कलकोट रोड : आमचा टॉवेलचा धंदा. त्यामुळं पिल्लाला ओढाओढीला जुना टॉवेल देणं ओघानंच आलं. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. टर्किश टॉवेलचे फासे दातात अडकून लांब धागे निघतात, ते गिळले की आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि प्रकरण ऑपरेशनवर जातं. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तरी ओढू नका, आतडं कापलं जातं. आता जाड रबराचं खेळणं आहे, खेळून झालं की कपाटात. ओढताना हात खाली ठेवायचा आणि ओढू द्यायचं त्याला. दातावर उचलून गरगर फिरवायचं नाही. पाहुण्यांना नेमकी तीच हौस असते.

जुळे सोलापूर : चेंडू तोंडात पूर्ण मावणारा नको, घशात अडकतो. दगड आणि काठी तर नकोच. जेवल्यावर लगेच पळवू नका.

नान्नजकडून : आमचं कारवानी, म्हणजे वेगानं पळणारं शिकारी जातीचं कुत्रं. माळावर सोडलं की दिसेनासं होतं. शेतात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, म्हणून नव्या जागी लांब दोरीवरच. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला नको ओ, हिसका मानेला बसतो. छातीच्या हार्नेसला बांधा. पावसाळा सरला की कुसळांचा ताप. पंजाच्या बेचक्यात, कानात शिरतात आणि आत आत सरकतात. परतल्यावर बोटं फाकवून बघणं रोजचं. पळून आलेलं कुत्रं एकसारखं डोकं झाडत असेल तर कान दाखवून घ्या.

विजापूर रोड : अक्कलकोट रोडवाले दादा, सुती दोरखंड चालतो का?

अक्कलकोट रोड : समोर बसून खेळवत असाल तर चालतो. पीळ उसवला की टाकून द्या, गाठ मारून वापरू नका.

सात रस्ता : संक्रांतीला मोकळ्या मैदानात नेऊ नका, मांजा पडलेला असतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाच्या रात्री तर आमची दारं-खिडक्या बंद. खेळ घरातच, तोही फरशीवर सतरंजी टाकून, पाय घसरू नयेत म्हणून. आणि ताई, लॅब वर्ष-दीड वर्षाची होईस्तोवर उंच उड्या मारायला लावू नका, हाडं अजून वाढतायत.