नाताळात मुलांच्या हातून दान कसं घडवावं? मदत हवी आहे

वसईत आजीच्या घरी नाताळला आम्ही सगळी भावंडं मुलाबाळांसह जमतो. मुलं सहा ते चौदा वर्षांची. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या साधारण चार आठवड्यांत, प्रत्येक चांगल्या कामामागे बाळ येशूच्या गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची, हे लहानांना आवडलं, मोठी कंटाळली. जेवणाआधी देवाचे आभार मानायला सांगितलं, तर सगळे 'आई-बाबांसाठी थँक्यू' म्हणून मोकळे! दानपेटीत पैसे आमचेच पडतात. गरजूंना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे शिधा आम्ही मोठे देतोच. जुने कपडे सुचवू नका, ते दान कमी आणि घर आवरणं जास्त. फोटोही नकोत. आजीला सोडून दिवसभर बाहेर जाता येत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत मुलांनी स्वतःचा वेळ किंवा खाऊचे पैसे, घेणाऱ्याला ओशाळं न करता द्यावेत, यासाठी तुमच्या घरी काय करता?